दारावरचा हुकूम

कोसबाडला गाईगुरांच्या देखभालीचं तीन दिवसांचं शिक्षण घेऊन मी सायवनला परतले, ती अर्धी डॉक्टर होऊनच. गोठ्याच्या दारावर खडूने ठळक लिहिलं: 'उन्हाळ्यात लाडीला चारा पहाटे आणि दिवस मावळल्यावर. पाणी चार वेळा. दुपारी पाठीवर ओलं गोणपाट. याशिवाय कोणीही काहीही देऊ नये.' खाली 'हुकमावरून, योगिता' असं ठोकून दिलं. सासूसासऱ्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांना रोज वाचून दाखवायचे. माझा नवरा रूपेश गालात हसायचा, तर त्यालाही दटावायचे.

लाडी ही आमची पहिलीच गाय. सात महिन्यांची गाभण. ऊन वाढलं तशी ती अर्धा चारा टाकून द्यायला लागली. उकाड्यात गाय कमी खाते, घाबरायचं नाही, असं शिकवलंच होतं. मी सगळ्यांना सांगितलं, घाबरू नका. आणि स्वतः घाबरून गेले.

एका सकाळी लाडीने चाऱ्याला तोंडच लावलं नाही. रवंथ बंद, पोट फुगलेलं, शेण पातळ आणि आंबूस. रूपेशने फोन केल्यावर तलासरीहून डॉक्टर भाविनी स्कूटरवर आल्या. त्यांनी लाडीचं पोट दाबून पाहिलं, शेण पाहिलं.

"काय खाल्लंय हिने?"

"रोजचाच चारा," रूपेश म्हणाला.

"दुसरा काय नाय दिला," सासूबाई म्हणाल्या. सासरे छपराकडे बघत राहिले.

"नीट सांगा. उगाच भलतं औषध दिलं तर गाय जाईल, पोटातलं वासरूही जाईल."

 माझी नजर दारावरच्या अक्षरांवर गेली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाडी कण्हत होती.

"चिकू," मी म्हणाले. "पिकलेले. रोज दुपारी सात-आठ."

रूपेश चिकूच्या वाडीत कामाला जातो. झाडाखाली पडलेले चिकू घरी आणतो. चारा टाकणारी लाडी चिकू मात्र माझ्या हातून मिटक्या मारत खायची. तेवढ्याने माझा जीव थाऱ्यावर यायचा.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी पण दिलं. सांजचं. टोपलीभर."

"टोपलीभर?" मी ओरडलेच.

"बारकी टोपली गं."

रूपेशनेही कबूल केलं, तो पहाटे कामाला निघताना द्यायचा. सासऱ्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "मी मोजलं नाय."

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "लाड करणारे चार, पोट एकच! एवढं गोड पोटात आंबतं हो." त्यांनी इंजेक्शन दिलं, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजला. दोन दिवस फक्त सुकं गवत आणि पाणी, चिकूचं सालही नाही, असं बजावून त्या गेल्या.

आम्ही चौघं गोठ्यातच बसून राहिलो. जेवण कोणाला सुचलं नाही. उन्हं कलली तेव्हा लाडीने मोठ्ठा ढेकर दिला. थोड्या वेळाने तिचा जबडा हळूहळू फिरायला लागला. रवंथ! सासरे एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजायला लागले. मला रडूच कोसळलं.

"तू पयली बोलली म्हणून," सासूबाई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "नाय तं आमी तिघां बोललोच नसतो."

"का पण, आई?"

"तुझा भ्याव वाटं."

 मी उठले आणि पदराने दारावरचं 'हुकमावरून' पुसून टाकलं. बाकीचं राहू दिलं. खाली जागा उरली होती. तिथे काय लिहू, असं सासऱ्यांना विचारलं.

लाडीवरची नजर न काढता ते म्हणाले, "लिव, कोणी काय दिला तं घरात सांगावा."

मी तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत.