झिजलेली दुसरी बाजू

“लाल दिवा लागला की खोकला आला तरी गिळायचा. टेप एकच आहे!”

मित्रांनो, हा आवाज ओडेल पेटवेचा, ध्वनिमुद्रणाच्या वेळचा, माझ्या जन्माआधीचा. मी त्याच्या अल्बमची एक जुनी, काळी तबकडी आहे. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात लोखंड ओतणारे चौघे जण पाळी संपली की एका तळघरात जमत. ओडेल इलेक्ट्रिक पियानो वाजवी. वर जॅझचे मोकळे सूर आणि खाली फंक संगीताचा नाचरा ठेका! असा एकच अल्बम त्यांनी काढला. माझ्या दुसऱ्या बाजूवर ओडेलने एकट्याने वाजवलेली एक लांब धून होती. ती लागली की तावातावाने बोलणारेही गप्प होत.

शनिवारी गल्लीत कुणाच्या तरी तळघरात नाच असे. जमीन हादरे, सुई उडे. मग कुणीतरी ओरडे, “अरे, नाणं ठेव!” सुईच्या दांड्यावर नाणं ठेवायची आमच्या गल्लीची रीतच होती. सुई उडायची थांबे, पण त्या वजनाने मला खरवडत जाई. पुन्हा पुन्हा तीच धून हवी असे सगळ्यांना. कौतुक होत होतं आणि मी झिजत होते.

ओडेलची थोरली बहीण व्हर्लीन चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. त्या तळघरांत तिने कधी पाऊल टाकलं नाही.

“तुझं ते दारूच्या गुत्त्यातलं वाजवणं माझ्या दारात नको,” ती म्हणे.

“देवाला चालतं गं, तुलाच चालत नाही,” ओडेल हसे.

पुढे कारखान्याने माणसं कमी केली. घरं ओस पडली, काही जळाली. माझ्याबरोबरच्या तबकड्या तळघरांत तुंबलेल्या पाण्यात वाया गेल्या. ओडेलच्या छातीत भट्टीची धूळ साचली होती. शेवटी व्हर्लीननेच त्याला आपल्या घरी आणलं, आणि त्याच्याबरोबर मला आणि त्याच्या रेकॉर्ड प्लेअरलाही.

एका दुपारी तो म्हणाला, “मला निरोप द्याल तेव्हा माझी धून वाजव, चर्चमध्ये.”

“चर्चमध्ये?”

“मग काय, रस्त्यात? शवपेटी तर तिथेच असणार ना माझी!”

ती रागावली नाही. त्याच्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, “वाजवीन.”

त्याच आठवड्यात तो गेला. चर्चचे धर्मगुरू रेव्हरंड गेन्स भेटायला आले, तेव्हा व्हर्लीनने त्यांना त्याची इच्छा सांगितली. “सिस्टर व्हर्लीन, देवाच्या घरात नाचाची तबकडी लागणार नाही. मंडळी काय म्हणतील?”

“मी शब्द दिलाय त्याला, रेव्हरंड.”

“तुमचं दुःख कळतं मला. पण तबकडी नको.”

ते गेल्यावर व्हर्लीनने मला पहिल्यांदाच पाकिटातून काढलं. आधी निदान आपण ऐकावं, एवढंच तिच्या मनात असावं. तिने दुसरी बाजू लावली. धुनेची जागा आली आणि माझ्यातून नुसती खरखर निघाली.

“ओडेल?” ती हलकेच म्हणाली.

मित्रांनो, तशी लाजेची वेळ माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

सुईच्या दांड्यावर ते नाणं अजून चिकटपट्टीने लावलेलं होतं. तिने ते सोलून काढलं आणि कान स्पीकरशी नेला. खरखरीच्या तळाशी, विहिरीतून यावेत तसे, चार सूर होते. तिने सुई मागे नेली. पुन्हा नेली. दर वेळी मी आणखी झिजत होते. उरलंसुरलं सगळं मी तिला देत गेले. हळूहळू तिची बोटं टेबलावर चालू लागली. एका ठिकाणी ती अडली, रडली आणि तिने धून परत सुरुवातीपासून धरली.

“ऑर्गन तर माझ्याच हाताखाली असतो,” ती स्वतःशीच पुटपुटली.

मित्रांनो, तुम्हाला जे फार आवडतं त्यावर भार टाकू नका. ते हू की चू करत नाही, आणि एके दिवशी त्यात काही उरतही नाही.

अंत्यविधीच्या सकाळी व्हर्लीनने काळा पोशाख केला, हॅट घातली. मला तिथेच प्लेअरवर राहू दिलं. मग मंडळी जमायच्या आत पोचावं म्हणून दार हळूच ओढून घेऊन ती एकटीच चर्चच्या वाटेला लागली.