गोंड्याचा डावा कान

मी एका कुत्र्याचा डावा कान बोलतोय. जन्मभर ऐकण्याचंच काम केलं, त्यामुळे बोलताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझ्या धन्याचं नाव गोंड्या. लोकरीच्या दुकानामागच्या खोलीत, एका रिकाम्या खोक्यात त्याचा जन्म झाला. त्या वेळी मी बंद होतो. आधी त्याचे डोळे उघडले, मग सावकाश मी. पहिला आवाज कानी पडला तो विणायच्या सुयांचा. टिक टिक, टिक टिक. त्या सुया ताईंच्या हातात होत्या. दुकान त्यांचंच. वरच्या मजल्यावर त्यांचे धाकटे भाऊ आणि वहिनी राहतात. भाऊ बस चालवतात, त्यामुळे घरातही त्यांचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जाईल असाच असतो.

मला एक जुळा भाऊ आहे, उजवा कान. शेजारी राहूनही आमची गाठभेट नाही. गोंड्या जोरात डोकं झटकतो तेव्हा डोक्यावर क्षणभर एकमेकांना शिवतो, तेवढंच.

आम्ही दोघं लांब, मऊ आणि लोंबते. येणारं गिऱ्हाईक आधी आम्हाला कुरवाळायचं, मग लोकरीचा भाव विचारायचं. पण लोंबत्या कानाची एक अडचण असते. आम्ही झाकणासारखे पडलेले असतो, आत वारा खेळत नाही. आतली वाटही सरळ नाही, खाली उतरून आडवी वळते. तिथे पाणी शिरलं की लवकर बाहेर येत नाही.

ताईंना लग्न, मुलंबाळं काही झालं नाही. जे काही लाड करायचे ते त्यांनी गोंड्याचे केले. थंडी पडली तशी त्यांनी त्याच्यासाठी टोपी विणली. दुहेरी धाग्याची, हनुवटीखाली बांधायचे बंद असलेली, दोन्ही कान आत घेणारी. रविवारी आंघोळ झाली की अंग पुसून लगेच ती टोपी चढायची.

"वन्सं, माणसांना नाही एवढे लाड," वहिनी म्हणायच्या.

"माणसं सांगतात तरी गारठा लागतोय म्हणून. हा कुणाला सांगणार?" ताई बंद बांधत म्हणायच्या.

टोपी फार उबदार होती. आत मी ओलाच राहायचो.

सुरुवात खाजेपासून झाली. गोंड्या मागच्या पायाने मला खाजवायचा आणि खाजवताना कण्हायचा. सोफ्याच्या कडेला घासायचा. मग मी आतून लाल झालो, गरम झालो, तपकिरी चिकट मळ साचू लागला. गोंड्याने डोकं डावीकडे कलतं धरायला सुरुवात केली. दुखणाऱ्या बाजूला मान आपोआप झुकते. पण घरात काय झालं? सगळे हसले.

"बघ, बघ, कसा विचारात पडलाय," भाऊ म्हणाले. "आमचे प्रोफेसर." त्यांनी फोटो काढला आणि डेपोतल्या सगळ्यांना पाठवला.

नंतर वास सुटला. आंबलेल्या पिठासारखा. वहिनींना वाटलं मोरी तुंबली. त्यांनी मोरीत फिनेल ओतलं. वास गेला नाही, तसं आणखी ओतलं. मोरी बिचारी चकचकीत झाली. वास माझा होता आणि नाव तिचं खराब होत होतं, मला बोलता येत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

ताईंना मात्र कानाचाच संशय आला. त्यांच्या लहानपणी कान ठणकला की आई कोमट तेल घालायची. त्यांनीही तेच केलं. दोन थेंब माझ्यात सोडले, वर कापसाचा बोळा लावला आणि टोपी घातली. मायेनेच केलं सगळं. पण आधीच ओल, त्यावर तेल, वर ऊब. आत काय झालं असेल ते विचारू नका.

एका सकाळी ताई टोपी खाली ओढत होत्या आणि त्यांचा अंगठा नेमका माझ्या मुळाशी दाबला गेला. दात माझ्या ताब्यात नाहीत. ते शेजारीच राहतात, पण त्यांचा कारभार वेगळा. काय झालं ते कळेपर्यंत ताईंच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

त्या ओरडल्या नाहीत. दुकानात जाऊन त्यांनी अंगठ्याला फडकं गुंडाळलं. संध्याकाळी भाऊंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सुई लागली."

"इतक्या वर्षांत सुई लागली नाही ती आज लागली?"

"लागली म्हटलं ना."

पण वहिनींनी जिन्यातून पाहिलं होतं, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही.

भाऊंचा आवाज त्या दिवशी खाली आला होता. ते चिडले की हळू बोलतात. "ताई, तुझं पोट त्या हातावर आहे. घरच्या माणसाला चावणारं कुत्रं घरात ठेवायचं नाही. डेपोच्या पहारेकऱ्याला राखणीला हवंच आहे. रविवारी तो येऊन घेऊन जाईल."

सुयांची टिक टिक थांबली.

"दे," ताई म्हणाल्या. "पण आधी डॉक्टरांना दाखवू. आजवर कुणावर गुरगुरला नाही तो. का चावला, एवढं तरी विचारू दे मला."

दवाखान्यात आम्ही पाऊल टाकलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "हा वास कधीपासून येतोय?"

"कुठला, मोरीचा?" वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"मोरी घेऊन आलात की काय बरोबर?"

भाऊ खोकल्याच्या आडून हसले.

डॉक्टरीणबाईंनी आधी उजवा कान पाहिला, म्हणजे गोंड्याचा धीर चेपेल. मग मला हलकेच उचललं. बारीक दिव्याच्या नळीने आत डोकावल्या. थोडा मळ काडीवर घेऊन काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "बुरशी वाढलीय. ओलाव्यात वाढते. पडदा शाबूत आहे, हे नशीब. तो फाटलेला असता तर औषधही बघून निवडावं लागलं असतं. म्हणून घरचं काही ओतायचं नाही, तेलसुद्धा नाही. आणि तो रागीट झालेला नाही. फार दुखतंय त्याला. तुमचा कान असा ठणकत असता आणि कुणी ओढला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

डॉक्टरीणबाईंनी हात पुसले.

"आंघोळीनंतर कान कोरडे करता?"

"टोपी घालतो," वहिनी म्हणाल्या आणि पिशवीतून ती काढली.

डॉक्टरीणबाईंनी टोपी उलटीसुलटी करून पाहिली. "ओल कोंडली ती इथेच. कुणी दिली ही?"

वहिनी पिशवी चाचपू लागल्या. मग भाऊ म्हणाले, "बाजारातून आणली मी. स्वस्त मिळाली."

भाऊंनी जन्मात लोकरीची वस्तू विकत आणलेली नाही. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं असावं, कारण पुढचा आवाज त्यांचा होता, आणि तो ओला होता. "मी विणली. त्याला गारठा लागू नये म्हणून."

"विणलीय सुरेख," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्या नातवाला असली एक द्या करून. याला मात्र मोकळं राहू द्या."

औषध मिळालं. आधी कान धुवायचं पाणी आत सोडायचं, मुळाशी चोळायचं, आतून पच पच आवाज आला पाहिजे. वर येईल तेवढाच मळ कापसाने टिपायचा, काडी आत खुपसायची नाही. मग थेंब. बरं दिसलं तरी मध्येच सोडायचं नाही, पुन्हा दाखवायला आणायचं.

ऐकायला सोपं होतं. घरी आल्यावर भाऊंनी गोंड्याला धरलं, वहिनींनी बाटली उघडली, आणि गोंड्या दोघांना चकवून गल्ल्याखाली जाऊन बसला. तिथून गुरगुरू लागला.

"बघ," भाऊ म्हणाले. "औषध घालू देणार नसेल तर आपण करायचं तरी काय? जाऊ दे त्याला डेपोत."

"तुम्ही दोघं वर जा," ताई म्हणाल्या.

त्या गल्ल्याशेजारी जमिनीवर बसल्या. बाटली तळहातात धरून कोमट केली. गोंड्याला ओढलं नाही, बोलावलंसुद्धा नाही. सुया घेऊन विणत राहिल्या. त्या टिक टिकीवर मी जन्मलो होतो. कितीतरी वेळाने गोंड्या सरपटत बाहेर आला. ताईंनी आधी माझ्या भावाला कुरवाळलं, मग कपाळाला, मग फडकं गुंडाळलेला अंगठा माझ्याजवळ आला. गोंड्याचा ओठ वर गेला. ते मला इतक्या जवळून कळलं की मी आतल्या आत आखडलो.

ताईंनी हात मागे घेतला नाही. पुढेही नेला नाही. नुसता ठेवला तिथे.

"मला कळलं नाही रे," त्या म्हणाल्या. "तू सांगत होतास, मला कळलं नाही."

ओठ खाली आला. गोंड्याने मान वळवली आणि मला ताईंच्या तळहातात टेकवलं.

रविवारी पहारेकरी आला. त्याची स्कूटर कोपऱ्यावर वळताना ऐकली ती मीच. भाऊ जिना उतरून दारात गेले. आत पच पच आवाज चालू होता, तो त्यांनी जरा वेळ ऐकला. मग त्यांच्या नेहमीच्या, शेवटच्या सीटच्या आवाजात म्हणाले, "चहा घेऊन जा. कुत्रं मिळणार नाही."

आता मी म्हातारा झालोय. कडा पांढऱ्या पडल्यात, बारीक आवाज निसटतात. त्या टोपीची लोकर उसवून ताईंनी डॉक्टरीणबाईंच्या नातवाची टोपी केली. गोंड्याला आंघोळीनंतर ताई कोरड्या फडक्याने निगुतीने टिपतात, मला उलटा करून वारा देतात आणि नाक लावून हुंगतात. "ठीक आहे," म्हणतात. अंगठ्यावरचा व्रण अजून आहे. तो माझ्या मुळाशी टेकला की मला ओळखू येतो.

तुमच्या घरात एखादा गोंड्या असेल तर माझं एवढं ऐका. त्याने मान कलती धरली तर हसा, फोटो काढा, पण मग त्याचा कानही उचलून बघा. लाल आहे का, गरम आहे का, वास येतोय का. आणि लाडका कुत्रा एकाएकी गुरगुरला तर त्याला दाराबाहेर काढण्याआधी कुठे दुखतंय ते शोधा.

दुकानात सुया सुरू झाल्यात. टिक टिक. बाकी काही नाही आलं तरी एवढं अजून मला नीट ऐकू येतं.