कुंकवात बुजलेली भोकं

धायरीतली जमीन बिल्डरला विकून आप्पासाहेबांनी मंगल कार्यालय बांधलं आणि ऑफिसात कॉम्प्युटर आणला. सनई त्यातूनच वाजणार, माइकही त्यालाच जोडलेला. दसऱ्याला उद्घाटन. मग हत्यारांची पूजा नको? हार नीट बसेना म्हणून आप्पांनी कॉम्प्युटरच्या डब्यामागच्या सगळ्या वायरी उपटल्या आणि एकेका भोकाला हळद-कुंकवाचं ओलं बोट फासलं. कुठली पिन कुठं ते सांगणारे भोकांचे रंग, जांभळं, हिरवं, गुलाबी, सगळं एका रंगात बुडालं. डब्याचा पार म्हसोबा झाला.

वायरी परत जोडायला भाचा अनंत बसला. त्यानं बिबवेवाडीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, म्हणजे फी भरली होती. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड. ऑफिसातली खुर्ची त्याचीच ठरलेली.

दाराशी मैना उभी होती, आप्पांची विधवा भावजय. सहा महिने क्लास करून तिनंही सर्टिफिकेट आणलं होतं. तिनं खुर्ची मागितली तेव्हा आप्पा म्हणाले होते, "लग्नाच्या जागी पयलं तोंड तुजं दिसायचं?" जमिनीच्या कागदावर सही घेताना मात्र हेच तोंड चाललं होतं.

अनंतानं कीबोर्ड आणि माऊसच्या दोन्ही गोल पिना दाबून बसवल्या. बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत आलं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा.

अनंतानं एफ-वन दाबलं. चारदा दाबलं.

"मामा, मदरबोर्ड गेला."

"सकाळी तर हुता की! पाव्हणं वडगावला आल्यात!"

"कीबोर्ड माऊसच्या भोकात घातलायस, बाबा," मैना म्हणाली. "सरक."

"मामी, हे टेक्निकल असतं."

"मग बस दाबत."

तिनं मशीन बंद केलं, पदराचं टोक भिजवलं आणि डब्यामागं वाकली. आप्पा ओरडले, "मैने! दसऱ्याचं कुंकू पुसत्यात व्हय? अपशकुन हाय त्यो!"

मैनानं मान वर केली. "माजं पुसलं तवा पाण्याचा तांब्या तुमीच आणला हुता, आप्पा. तवा न्हाय आठवला अपशकुन."

 

तिनं एकेक भोक पुसलं. रंग वर आले. जांभळी पिन जांभळ्यात, माऊसची हिरवी तिच्या गोल हिरव्यात. माइक गुलाबी भोकात, स्पीकर शेजारच्या बारक्या हिरव्यात. मशीन सुरू झालं. ती खुर्चीत बसली आणि सनई लागली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"जमलं न्हवं? आता ऊठ. अनंताला बसू दे."

मैनानं डब्यामागं हात नेऊन स्पीकरची पिन दोन बोटांत धरली. "उठते की. सनई बी उठंल माज्यासंगं."

आप्पांनी तिच्या बोटांकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"बस," ते दातांतून म्हणाले, आणि पाहुण्यांसाठी हात जोडत बाहेर पळाले.

मैनानं आवाज वाढवला. "अनंता, मागच्या जाळीवर आलेला हार काढ. आत पंखा असतो. टेक्निकल असतं ते."