चार बोटं खालचा ओटा

घर पाहावं बांधून म्हणतात. तिने चार वर्षांत एकशे वीस घरं कागदावर बांधून पाहिली होती, आणि त्यातलं एकही तिच्या बाबांना मिळणार नव्हतं.

नियमच तसा होता. पालिकेच्या या भाड्याच्या घरांवर ज्याने एक दिवसही काम केलं, त्याच्या घरच्यांना अर्ज करता येणार नाही. नियम चांगला होता, वशिल्याच्या तट्टूंना चाप बसावा म्हणून केलेला. तिने पहिल्या दिवशी हसत सही ठोकली. तेव्हा बाबा चार मजले चढून यायचे आणि वर तिलाच विचारायचे, "दमलीस का?" दोन वर्षांनी लकव्याने त्यांची डावी बाजू गेली. तेव्हापासून ते चौथ्या मजल्यावर होते, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि लिफ्टच्या घरांची भाडी तिच्या पगाराला झेपत नव्हती. व्हीलचेअरवाल्यांची घरं आखणारीचाच बाप असा अडकून पडलेला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

जागा जुन्या रंगाच्या कारखान्याची. बाबांनी तिथे एकतीस वर्षं काढली होती. कारखाना पडला, पण जमिनीत मुरलेलं विष गेलं नव्हतं. खणावं तिथे माती कुठे निळी, कुठे जांभळी निघायची. ती सगळी उचलून नेली, प्लॅस्टिकची जाड चादर अंथरली, वर बाहेरची स्वच्छ माती टाकली. बाबा रोज विचारायचे, "आज कुठला रंग निघाला?" तिने सांगितलं की कारखान्यातली जागा ओळखायचे. "जांभळी? म्हणजे आम्ही डबे खायचो ती जागा." मग खिडकीतून त्याच दिशेला बघत बसायचे. एकदा तिकडे जायचंय, असं त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही. तिला ते बघवायचं नाही.

बांधकामाआधी तिने एक गोष्ट हट्टाने करून घेतली. कारखान्याच्या उरलेल्या गोदामात प्लायवूडचं एक घर उभं केलं, खऱ्या मापाचं, नळाला पाणी असलेलं. व्हीलचेअरवरच्या माणसांनी त्यात वावरून बघायचं आणि अडेल तिथे लाल खडूने फुली मारायची. त्यासाठी तिने दोघांना बोलावलं. एक शिवणकाम करणाऱ्या बाई, आणि दुसरे बाबा. नुसतं वावरून बघायला नियम आडवा येत नव्हता.

शेजारच्या चौघांनी बाबांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं.

"चौघांनी उचललं तरी मी बसलेलाच आहे, हे लक्षात ठेवा रे," बाबा म्हणाले, आणि चौघांनाही हसू आवरेना.

प्लायवूडच्या दाराला उंबरा नव्हता. बाबा सरळ आत शिरले, उजव्या पायाने जमीन रेटत स्वयंपाकघरात वळले आणि ओट्याशी गेले. गुडघे अलगद ओट्याखाली गेले. त्यांनी नळ सोडला, ग्लास भरला आणि तिच्यापुढे धरला.

"घे. उन्हातून आलीस."

दोन वर्षं त्यांना पाणी दुसऱ्यानेच दिलं होतं. तिला रडू फुटलं, ते तिने पाण्याबरोबर गिळलं.

"सगळं कसं बरोबर बसलंय गं. माझ्यासाठीच केल्यासारखं."

मग शिवणकामवाल्या बाई आत गेल्या. त्यांचे गुडघे ओट्याला थाडकन आपटले. त्यांनी खुर्ची मागे घेऊन पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा आपटले.

"ताई, घर झकास आहे," बाई फुली मारत म्हणाल्या, "पण माझे गुडघे काही आत यायला तयार नाहीत."

सुताराने नकाशा काढून दाखवला. ओटा नकाशाबरहुकूम होता. तिने टेप लावली, पण आकडा वाचायची गरजच पडली नाही. तो तिने एका रविवारी घरी, बाबांच्या गुडघ्यांवरून घेतला होता.

बाबाही आपल्या खुर्चीकडे बघत होते. "अगं, ही आपल्या फिटरने चार बोटं खाली केलीय ना? माझा पाय टेकावा म्हणून?"

तिने टेप गुंडाळली. नेहमीच्या खुर्चीसाठीचा पुस्तकातला आकडा तिला पाठ होता. तरी हात दर वेळी घरच्या मापावर गेला, आणि तिने त्याला अडवलं नाही. एकशे वीस घरं तिने एकाच माणसासाठी काढली होती, आणि तोच माणूस तिथे राहणार नव्हता. वरखाली होणारे ओटे तर खर्चाच्या कात्रीत केव्हाच कापले गेले होते.

"एक घर असंच ठेवते बाबा. कोपऱ्यातलं."

"कोणासाठी?"

"असेल कुणीतरी."

"आपला तो बाळ्या, होय ना?" बाबा हसले. ते सुताराकडे वळले. "चार बोटं वर घ्या हो."

सुताराने ओटा वर घेतला. बाईंचे गुडघे आत गेले. त्यांनी ग्लास भरला, घटाघटा प्यायल्या आणि लाल फुली बाहीने पुसून टाकली.

"मी परत बघतो," बाबा म्हणाले.

ते ओट्याशी गेले. आता ओटा छातीशी आला. हात लांबवून बोटं नळाला टेकली, पण तोटी काही फिरली नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग हात मांडीवर ठेवला.

"आता झालं बरोबर," ते म्हणाले. "मला जरा पाणी दे गं."