ओवाळलेला घोडा

विश्वासानं दार उघडणाऱ्यांना मूर्ख ठरवायचं आणि दगा देणाऱ्यांना शूर म्हणायचं, ही तुमची खोड फार जुनी आहे. मी घोडा बोलतोय. लाकडी, पोटात पोकळ, पायांना चाकं.

माझा जन्म घाटंजीचा. तिथले सुतार मुख्तारभाई तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी, चाकांचे लाकडी नंदी घडवतात. पोरं ते दारोदार ओढत नेतात, बाया ओवाळतात. यवतमाळच्या कॉलेजातली पोरं ट्रॉयच्या ग्रीक युद्धावर सिनेमा करणार होती, म्हणून मुख्तारभाईंनी मला घडवलं. सवयीनं मान मात्र नंदीचीच वळली.

कथा त्या पोरांमधल्या शाल्मलीनं लिहिली. वर्षानुवर्षं लढूनही न पडलेलं शहर शत्रूनं वेशीबाहेर सोडलेला घोडा देवाचा मानून आत घेतं, आणि घोड्याच्या पोटातले सैनिक ते जाळतात. तिला ही गोष्ट हरलेल्यांच्या उंबऱ्यावरून सांगायची होती.

शूटिंगला मला एका गल्लीत ओढत आणलं. तिथल्या बायांना ट्रॉयच्या बाया म्हणून नुसतं बघत उभं राहायला सांगितलं होतं. पण चाकांवरचं लाकडी जनावर दारात आल्यावर त्यांचे हात गप्प बसतात होय? त्यांच्यातल्या रत्नप्रभाकाकूंनी माझ्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. पोटात तलवारी घेऊन मी उभा. अशी लाज कुणाला न येवो.

“कॅमेरा बंद नको करू,” शाल्मली म्हणाली. “ते शहर असंच फसलं असन.” तुमचं ओवाळणं सिनेमात राहील, असा शब्द तिनं बायांना दिला.

दिग्दर्शक साकेतनं नेमकं तेच कापलं. ग्रीक गोष्टीत कुंकू पाहून लोक हसतील म्हणे. शाल्मली भांडली, रडली, पण शेवटचा शब्द त्याचा. त्यानं तिथं ढोल आणि आग घातली. सैनिक दार फोडून घुसतात आणि जिंकतात. अरे, दार फुटत असतं तर मला कशाला घडवलं असतं?

काल त्याच गल्लीत पडदा लावून सिनेमा दाखवला. शूटिंगच्या आगीत कान जळालेला मी पडद्याशेजारी उभा होतो. टाळ्या पडत होत्या. शाल्मली मान खाली घालून बायांमध्ये बसली होती. मला चुलीत घाला, हरकत नाही. पण ज्यांनी दार उघडलं, त्यांना गोष्टीतून हाकलू नका.

रत्नप्रभाकाकू शेजारणीकडे वळल्या.

“काहून वं, दार कायले फोडून राह्यले हे? आपण तं ओवाळून आत घेतलतं त्याले.”