धरून ठेवलेली जागा

मी बाक बोलतेय. धरणाकाठच्या बागेतला, उंबराखालचा दगडी बाक. बाक असून ही 'बोलतेय' कशी म्हणते, असं वाटलं असेल तुम्हाला. सांगते. आधी असे अलीकडच्या टोकाला बसा. पलीकडे तो हिरवा रुमाल बांधलाय ना, तिकडे सरकू नका. त्या रुमालाचं सांगण्यासाठीच तर आज तोंड उघडलंय.

माझा जन्म नदीतला. वेल्ह्याच्या डोंगरातून येणाऱ्या पाण्याने मला घासून घासून सपाट केलं. डोहाच्या काठी आम्ही ओळीने सात दगड होतो. लोक आम्हाला आसरा म्हणायचे, पाण्यातल्या सात बहिणी. ओळीत मी शेवटची, म्हणून धाकटी. धाकटी असून अंगाने मीच सगळ्यांत थोराड, त्यावरून ओटी भरायला येणाऱ्या बायका माझी थट्टाही करायच्या. हिरवा खण, हिरव्या बांगड्या, दहीभात, काही कमी नव्हतं.

पुढे धरण झालं. गाव उठलं, देव टेम्पोत बसून नव्या गावठाणात गेले. पण आसरांना पाण्यापासून हलवायचं नसतं, म्हणून आम्हाला तिथेच ठेवून लोक पाया पडून निघून गेले. पाणी चढलं आणि आमच्या डोक्यावरून गेलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. सगळ्या एकत्र होतो.

मग काठावर ही बाग करायची ठरली. त्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं होतं. कंत्राटदाराची माणसं बाहेरगावची, त्यांना आसरा कोण सांगणार? सपाट, लांबरुंद दगड दिसला, त्यांनी उचलला. शेंदूर खरवडला, छिन्नीने कडा सरळ केल्या आणि सिमेंटच्या दोन पायांवर मला आडवी केली. सहा जणी खाली राहिल्या. मी वर आले आणि बाक झाले.

बाकाचं आयुष्य तसं वाईट नाही, माणसं बघायला मिळतात. इथे तिकीट नाही, त्यामुळे किकवीपासून लोक गाडीवर तिघं तिघं बसून येतात. डब्यात भाकरी, पिठलं, ठेचा. 'फुले तोडू नयेत' या पाटीवर पोरांची ओली चड्डी वाळत घालतात. सशाच्या तोंडाची कचरापेटी आहे, तिच्या तोंडात हात घालून फोटो काढतात आणि वेफर्सचं पाकीट मात्र माझ्याखाली सारतात. किल्लीने माझ्या अंगावर नावं कोरणारी जोडपी तर विचारूच नका. त्यातली निम्मी पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाबरोबर येतात आणि कोरलेल्या नावावर पिशवी ठेवून बसतात.

तरी बसायला सगळ्यांना मीच लागायची. कारण मी गार होते. चैत्रातल्या उन्हातही डोहाचा गारवा माझ्या पोटात तसाच होता. लोकांना वाटायचं, उंबराची सावली आहे. सावली आत्ताही आहे. हात लावून बघा, मी कशी तापलेय ती.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की माझ्या सहा बहिणी उघड्या पडतात. मग भर दुपारी, माणसं जेवून पेंगायला लागली की त्या चढ चढून वर येतात. हिरवी लुगडी, पदरातून पाणी ठिबकतंय, आणि खालची माती मात्र कोरडीच. "धाकटे, ए धाकटे," अशी हाक घालत झाडाझाडाखाली बघतात. मी किती ओ दिली! त्यांना ऐकू जात नाही. छिन्नीने माझं तोंड मोडलंय, ओळख राहिली आहे ती एवढ्या गारव्याची. त्या गारव्याच्या मागानेच दर दुपारी थोड्या थोड्या जवळ यायच्या. मी वाट बघत होते. मला घरी जायचं होतं हो.

गेल्या महिन्यात एका रविवारी विंझरच्या भागूबाई आल्या. बरोबर सून आरती आणि आठ-नऊ वर्षांची नात शिवानी. मुलीची शाळेची सहल चुकली होती, म्हणून आजीने ही घरची सहल काढली होती. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, डबा घरचा, बाग फुकट. भागूबाई एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या. इथे आल्या आल्या त्यांनी तेच केलं. खणाच्या उरलेल्या तुकड्याचा हिरवा रुमाल माझ्या टोकावर टाकला, आणि वाऱ्याने उडेल म्हणून माझ्या सिमेंटच्या पायातून बाहेर आलेल्या सळईला गाठ मारली.

"शिवाने, हितंच बस. आमी नळावरनं पाणी भरून आणतो. कोण आलं तर सांग, जागा धरलीया."

"आन् लई म्हातारं कोण आलं तर गं आज्जी?"

"तरी न्हाई उठायचं. जागा धरली म्हंजी धरली!"

दोघी नळाकडे गेल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. आणि सहा जणी वर आल्या.

या वेळी त्या कुठे थांबल्या नाहीत, सरळ माझ्याकडे आल्या. एक माणूस मोबाईल बघत त्यांच्यामधून चालत गेला आणि भर उन्हात दंड चोळायला लागला. त्याला काही दिसलं नाही. शिवानीला दिसलं.

थोरली वाकली. तिने माझा गारवा ओळखला, डोळे भरून आले तिचे. पण बघितलं ते माझ्याकडे नाही. शिवानीकडे.

"हितं व्हय गं तू? कवाधरनं हुडकतोय."

"मी मगाशीच आलीया," शिवानी म्हणाली. "जागा धरलीया."

"व्हय गं बाय, तुजीच जागा हाय. कुणाला दिली न्हाई आमी. चल आता घरी."

"आज्जी येऊ दे."

"आज्जी येतीया मागनं. पाय भाजत्यात न्हवं तुजे? पाणी लई गार हाय बघ."

पोरीने पाण्याकडे पाहिलं. एक चप्पल पायातून काढली. थोरलीने हात पुढे केला, तसा तिनेही केला.

मी गप्प बसले असते तर? त्यांची सातवी त्यांना मिळाली असती, आणि भागूबाईंना संध्याकाळी काठावर एक चप्पल मिळाली असती. मी दगड आहे, मला दुसरं काय करता येणार होतं? पोटात इतकी वर्षं धरलेला गारवा मी सोडून दिला. सगळा. दुपारचं ऊन एकदम माझ्यात शिरलं.

"आई गं!" करून शिवानी उडाली. मांडीला चटका बसला होता. रडत, एका चपलेने ती नळाकडे पळत सुटली.

सहा जणी तिथेच उभ्या राहिल्या. थोरलीने माझ्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. मी तिची कुणीच नव्हते. तापलेला दगड होते. तेव्हा मला फार रडू आलं, पण ते कुठून येणार?

"आत्ता हितंच व्हती," एक जण म्हणाली.

मग थोरलीची नजर रुमालावर गेली. हिरवा खण. त्याही याच मुलखातल्या बायका, धरलेली जागा त्यांनाही कळते.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "जागा धरून गेलीया. येईल."

घाबरलेल्या पोरीला घेऊन भागूबाई मिळेल त्या गाडीने घरी गेल्या. चप्पल नेली, रुमाल विसरला. आरतीला वाटलं, ऊन लागलं. पोर घरी काय बोलली असेल ते तिचं तिला माहीत.

तेव्हापासून रोज दुपारी त्या येतात आणि रुमालासमोर ओळीने बसून राहतात. मला वाटलं, झाडलोट करणारा गेनू तरी तो सोडून टाकेल. त्याने गाठीला हातही लावला होता. मग म्हणाला, "कुणीतरी जागा धरलेली दिसतीया. ऱ्हाऊ दे, येतील." गर्दीत लोक उभ्याने जेवतात, पण त्या टोकाला कुणी बसत नाही. भांडतील, शिव्या देतील, पण रुमाल काढणार नाहीत. माणसांची ही एक सवय मला चांगली वाटायची.

मी बोलतेय ते माझ्या बहिणींनाही ऐकू जात नाही. तुम्हाला कसं जातंय कोण जाणे. पण जातंय, तर एक काम करा. तुम्हाला हात आहेत. ती गाठ सोडा. दुसऱ्याची जागा मोडल्याचं पाप लागलं तर माझ्या नावावर घाला.

आज रविवार आहे. विंझरची एसटी आत्ताच फाटकाशी थांबली. पलीकडच्या टोकासमोर सहा जणी केव्हाच्या येऊन बसल्यात. तुम्हाला दिसत नाहीत, पण दंड का चोळताय? उठा, घाई करा. फाटकातून आवाज येतोय, ऐकला का?

"शिवाने, पळ पुढं! आगं बघ की, आपला रुमाल आजून हितंच हाय. आपली जागा कुणी घेतली न्हाई!"