पेपरमिंट विरघळेपर्यंत

त्या नाटक कंपनीत नव्या नाटकाचं वाचन संपलं रे संपलं की लेखकाच्या तोंडात पेपरमिंटची गोळी कोंबत. चावायची नाही, गिळायची नाही. ती विरघळेपर्यंत प्रेक्षकांनी बोलायचं आणि लेखकाने मुकाट ऐकायचं. ही शक्कल दिग्दर्शकाची. संहितेतली पानंच्या पानं उडवायचा म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत, आणि त्यालाही ते मनातून आवडे. "लेखक खुलासे द्यायला लागला की समजावं, नाटक मेलं," तो म्हणायचा. "प्रयोगानंतर काय घरोघर जाऊन समजावणार आहात?"

आज गोळीची पाळी भूगोलाच्या बाईंवर होती. शाळेत नकाशे शिकवता शिकवता त्यांनी पहिलंच नाटक लिहिलं होतं, आणि दोन खर्डे शेवटाला येऊन आपटले होते. टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये वर्षाला एकच नवं नाटक उभं राहायचं. कात्रीने स्पष्टच सांगितलं होतं, "आज शेवट जमला तर तुमचं. नाहीतर दुसरं घेतो, राग मानू नका." बाई म्हणाल्या, राग कसला त्यात. साफ खोटं होतं ते.

नाटक दोन बहिणींचं. आईवडील गेल्यावर मोठी कॉलेज सोडून चष्म्याच्या दुकानात नोकरी धरते, धाकटीला शिकवून मोठी करते आणि शेवटी धाकटी दोन पानं भरून तिचे आभार मानते. ही बाईंच्या घरचीच गोष्ट होती. हॉलमध्ये ते ओळखू शकेल असं एकच माणूस होतं, तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसलेली त्यांची ताई. नाटक कशावर आहे हे तिला सांगायचं धाडस बाईंना झालं नव्हतं. नुसतं "ये गं" एवढंच म्हणाल्या होत्या.

वाचन चांगलं झालं. थोरल्या नटीने मोठी बहीण अगदी जीव ओतून वाचली. धाकटीचं काम करणारी मुलगी आभाराच्या भाषणाला आली तसे लोक सभ्यपणे ऐकू लागले, आणि लोक सभ्यपणे ऐकायला लागले की काही खरं नसतं. दोन खुर्च्या कुरकुरल्या. कुणीतरी हाताआड जांभई दिली. कात्रीने पेन्सिल कानावर खोचली. पेन्सिल कानावर गेली की कापण्यासारखंही काही उरलं नाही, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही.

मग गोळी आली. समोरच्या खुर्चीत बाई तोंड मिटून बसल्या.

"छान आहे," एक निवृत्त पोस्टमन म्हणाले, "पण शेवटी सत्काराचं भाषण वाटलं. मी आपला चहाची वाट बघायला लागलो."

लोक हसले. मग ताई उभी राहिली.

"मला नाटकातलं काही कळत नाही. पण ही मोठी बहीण मला पटली नाही."

गोळी टाळूला चिकटली.

"का हो?" कात्रीने विचारलं.

"किती सोसते ती! सारखी आपली सोसतेच आहे. काही मिळत नसेल तर माणूस इतकी वर्षं करेल का? आणि धाकटी निरोप घेतल्यासारखे आभार मानते. बहिणीबहिणी असं बोलतात होय?"

"पण तिला मिळत काय असणार?"

ताईने पर्सची चेन उघडली, लावली. "ती संध्याकाळी घरी यायची... म्हणजे मीच यायचे. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवून पायांचे तुकडे पडलेले असायचे. मी भाजी चिरायला बसले की ही समोर अख्खी शाळा करून दाखवायची. गणिताच्या बाई कशा चालतात, खडू कसा शोधतात, आणि तो खोचलेला असायचा त्यांच्याच अंबाड्यात! हसून हसून मला सुरी खाली ठेवावी लागायची. मी म्हणायचे, परत कर. अहो, त्यासाठी मी धावत घरी यायचे. उपकार कसले? दिवसभरात तेवढंच तर माझं होतं."

ती खाली बसली.

बाईंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं त्या घरात आपण फक्त घेतलं असंच त्या धरून चालल्या होत्या. आपणही काही देत होतो हे त्यांना आज कळलं, आणि ताईबद्दल पूर्वी कधी वाटली नव्हती इतकी कृतज्ञता वाटली, कारण आता ती खाली मान घालायला लावणारी नव्हती. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. कात्रीने बोट वर केलं. गोळी संपली नव्हती.

मग बाई उठल्या. पदर खोचला, एक खांदा पाडला आणि बदकासारख्या चालत टेबलापाशी आल्या. टेबलावर शोधलं, टेबलाखाली शोधलं. पहिल्या रांगेकडे संशयाने पाहिलं. पोस्टमनना उभं करून त्यांच्या खुर्चीवर शोधलं. शेवटी विचार करत डोकं खाजवायला हात वर नेला, आणि तो तिथेच थांबला.

सगळ्यांच्या आधी ताई हसली. तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग अख्खा हॉल.

कात्रीने कानावरची पेन्सिल काढली आणि आभाराची दोन्ही पानं आडवी खोडली. धाकटीचं काम करणाऱ्या मुलीला म्हणाला, "नीट बघून ठेव. पुढच्या महिन्यात तुला हे रोज करायचंय."

गोळी कधीच गिळली गेली होती. आता बाईंना बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. त्या ताईकडे वळल्या, पण ताईला बोलणं नको होतं. तिने डोळे पुसले, पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि नीट सावरून बसली.

"परत कर," ती म्हणाली.